जखमी वीर चालणार की नाही

हात मोडला म्हणून मी चिंचपाड्याच्या दवाखान्यात होतो ना, साठ-एकसष्टच्या सुमारास, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या गुरुजींनी एक खेळ काढला होता. ते राजा-राक्षसांची गोष्ट रचत जायचे, आम्ही त्यातले वीर, आणि कुणाचं काय होणार ते कवड्या टाकून ठरायचं. नियमांवरून रोज कुरबुर. जखमी झालेल्यानं जागचं हलायचं नाही, हा नियम तर कुणालाच आवडत नव्हता.

एकदा सुकलालबापूंच्या वीराला वाघानं जखमी केलं. बापू तापीकाठचे केळीवाले शेतकरी. बैलगाडीखाली सापडून त्यांची कंबर मोडली होती; आल्यापासून उठून बसले नव्हते. ते हातातल्या कवड्या पुढच्याला देईनात.

"बापू, नियम आहे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी आठे बी पडेल शे. खेळमा बी पडीच ऱ्हावानं का?" बापू खाटेवर हात आपटत म्हणाले.

गुरुजी त्यांच्याकडे कुशीवर वळले. मग म्हणाले, "बरं. जखमी चालेल. पण हळू."

आणि त्यांनी बापूंना खेळात तोरणमाळचा घाट चढवला, डोंगरमाथ्यावरच्या तलावाकडे, एकेक वळण सांगत. बापू डोळे मिटून ऐकत होते.

"वरना तलाव दिसी ऱ्हायना का?"

"दिसतोय, बापू."

"मंग जरासा बसस आते. चालीचाली पाय दुखी ऱ्हायनात."