नव्या घरात दूध

चहा घ्या, सांगतो. मी शाळा फार शिकलो नाही. बेंगळुरूत जन्मभर लोकांचं घरसामान टेंपोतून हलवलं. नियम एकच: नव्या घरात दूध उतू गेल्याशिवाय जुन्या घराची किल्ली परत द्यायची नाही.

माझी लेक रेणुका घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. त्या दिवशी तिने एका दवाखान्याचं मशीन, रोग्यांच्या नोंदींसकट, क्लाउडवरच्या जुन्या डिस्कवरून नव्या प्रकारच्या डिस्कवर नेलं. तिच्या साहेबांचा फोन आला, "झालं ना? जुनं पुसून टाका."

तिचं बोट बटणावर गेलं. मी विचारलं, "नवं चालू करून पाहिलंस?"

"अण्णा, शंभर टक्के झालं असं लिहून आलंय. स्वल्प, थोडं गप्प बसा."

"टेंपो रिकामा झाला म्हणजे घर लागलं असं नाही. आधी दूध उतू जाऊ दे."

चिडून तिने नवं मशीन सुरू केलं. पडदा काळा. पुन्हा केलं, तरी काळाच.

"अण्णा, जुनं पुसलं असतं तर परत कुठूनच मिळालं नसतं."

मी आयुष्यात कुणाला घाबरलो नाही. त्या काळ्या पडद्याला घाबरलो. तिचा हात धरून बटणापासून लांब केला.

फोन पुन्हा वाजला. "जुनं पुसलंत का?"

"नाही सर. नव्या घरात दूध अजून उतू गेलेलं नाही."

साहेब इथलेच, कन्नड; नव्या घरात दूध उतू घालायची रीत त्यांच्याकडेही. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"सरी, सरी, ठीक आहे. जुन्या घराची किल्ली सोडू नका."