बाविसातल्या दहा

सृष्टी : हिरव्या लांबट बारा. पांढऱ्या मोठ्या एकोणतीस. गुलाबी बारक्या सात. कॅप्सूल चार, त्यातली एक फुटलेली. गुडघ्याच्या मलमाची अर्धी ट्यूब. साखर मोजायचं मशीन एक, त्याच्या पट्ट्यांची डबी एक, सीलबंद. काका, काकूच्या औषधाच्या डब्यात एवढंच होतं ना?

हणमंतराव : एवढंच. तू तर तलाठ्यावानी पंचनामा करूलालीस. भर पिशवीत, चुलीत टाकून देतो.

सृष्टी : चुलीत नको. प्लास्टिक, पत्रा, औषध सगळं एकदम जळणार, आणि धूर तुमच्याच नाकात.

हणमंतराव : मग हिरीत टाकू?

सृष्टी : विहिरीचं पाणी कोण पितं?

हणमंतराव : म्हशी. आन् पावणे.

सृष्टी : म्हणूनच पावणे येईनात तुमच्याकडं.

हणमंतराव : मग ऱ्हाऊ दे की डब्यात. काही खायाला मागतंय का ते? नांदेडला चार वर्षं फार्मसी शिकून आलीस, ते काय जुन्या गोळ्या मोजायला?

सृष्टी : हो, मोजायलाच. हे बिल बघा, एक ऑगस्टचं. हिरव्या गोळ्या तीस. रोज सकाळी एक. नऊ तारखेला पहाटे काकूला लातूरला हलवलं. म्हणजे घरी किती घेतल्या?

हणमंतराव : आठ. तांब्या घेऊन मीच हुबा असायचो की.

सृष्टी : तिसातून आठ गेल्या, बावीस राहिल्या. इथं बारा आहेत.

हणमंतराव : उंदरानं नेल्या असतील.

सृष्टी : कात्री घेऊन आला होता का उंदीर? कडा बघा, सरळ कापल्यात. एकेक गोळी सुटी.

हणमंतराव : ते निजामोद्दीनचं काम. आपला टेलर. सिंधूला वाचता येत नव्हतं, तुला ठाव हाय. सगळ्या गोळ्या तिला सारख्याच. मग त्यानं डोकं चालवलं. पाकिटं कापून गोळ्या सुट्या केल्या आन् झंपराच्या तुकड्याच्या दोन पिशव्या शिवून दिल्या. हिरवी सकाळची, लाल रातची. चार वर्षांत एकदा चुकली न्हाई तुझी काकू.

सृष्टी : युक्ती चांगली होती. तिच्यापुरती. आता या चौकोनावर औषधाचं नाव नाही, ताकद नाही, तारीख नाही. ते सगळं कात्रीत गेलं. लाल पिशवी तर इथं आहे. हिरवी कुठं आहे?

हणमंतराव : असंल कुठंतरी.

सृष्टी : काका.

हणमंतराव : दिली.

सृष्टी : कुणाला?

हणमंतराव : समोरच्या धुरपताबाईला. मूग निघाले, तर वानोळा द्यायचाच होता. सिंधू असती तर पायलीभर दिले असते. मुगासंगं ती पिशवी बी दिली. तिची शुगर दोनशेच्या खाली येईना म्हणत होती, आन् सिंधूची ह्याच गोळीनं उतरली होती. चांगली वस्तू घरात कुजवायची का?

सृष्टी : पिशवीत किती होत्या?

हणमंतराव : धा मोजून दिल्या.

सृष्टी : कधी?

हणमंतराव : मागल्या आठवड्यात, गुरुवारी.

सृष्टी : गुरुवारपासून आजचा शनिवार धरून दहा दिवस. रोज एक घेतली असेल तर आज सकाळी दहावी. तिची स्वतःची गोळी बंद केली का तिनं?

हणमंतराव : ती कशाला बंद करंल? सरकारी दवाखान्यातली हाय.

सृष्टी : आज दिसली का ती तुम्हाला?

हणमंतराव : सकाळी हाक मारली तर आतूनच म्हणली, घाम फुटलाय, हातपाय कापूलालेत. शनवार हाय ना, उपास. उपासानं व्हतंय.

सृष्टी : उठा. ते मशीन माझ्याकडं द्या, तुम्ही साखरेचा डबा घ्या.

हणमंतराव : साखर? शुगरवालीला?

सृष्टी : चला आधी, बोलू नंतर.

(समोरचं घर. धुरपताबाई खाटेवर आडवी, पदर घामानं भिजलेला.)

सृष्टी : आत्या, डोळे उघडा. मी कोण?

धुरपताबाई : सृष्टी... हणमंतभाऊची पुतणी. मला काय येडी समजलीस का?

सृष्टी : छान. बोट द्या. जरा टोचेल.

धुरपताबाई : माय! सुईबिई काय करूलालीस गं?

हणमंतराव : हे सिंधूचं मशीन हाय. पट्ट्याची मुदत सरली नसंल ना?

सृष्टी : मार्चपर्यंत आहे, बघितली मी. आला आकडा. शेचाळीस.

हणमंतराव : बरं झालं की. दोनशेचे शेचाळीस झाले.

सृष्टी : बरं नाही झालं. सत्तरच्या खाली गेलं की धोका. शेचाळीसला माणूस बेशुद्ध पडू शकतो. अर्धा पेला पाणी, तीन चमचे साखर. ढवळा जोरात.

धुरपताबाई : साखर न्हाई पेणार मी. तीन वर्षं झाली सोडून. डागदरीण बाई ओरडल्या व्हत्या.

सृष्टी : त्या इथं असत्या तर त्यांनीच पाजली असती. प्या आत्या. घोट घोट, सगळं संपवा.

धुरपताबाई : उपास हाय माझा.

हणमंतराव : साखरेनं उपास मोडत न्हाई, धुरपताबाई. पेढा चालतो, मग साखरेनं काय घोडं मारलंय?

धुरपताबाई : तुमी मध्ये बोलू नगा. तुमच्याच गोळीनं झालंय वाटतं हे.

सृष्टी : घड्याळ बघा काका. अकरा वाजून दहा. बरोब्बर पंधरा मिनिटांनी परत मोजू. आत्या, सकाळी काय काय घेतलं?

धुरपताबाई : माझी पांढरी. आन् सिंधूची हिरवी.

सृष्टी : दोन्ही?

धुरपताबाई : पांढरी माझी, हिरवी तिची. रंग येगळा म्हंजे औषध येगळं. मला वाटलं दोघी मिळून करतील काम.

सृष्टी : तुमच्या पांढरीचं पाकीट कुठंय? हं, उशीखालीच. बघा, हे नाव. आणि हेच नाव काकूच्या बिलावर. औषध एकच, कंपनी दुसरी, म्हणून रंग दुसरा. हिरवीची ताकद दुप्पट. म्हणजे दहा दिवस तुम्ही एकीच्या जागी तीन घेतल्यात. आणि आज पोटात अन्न नाही.

हणमंतराव : त्या पाकिटावर नाव हाय. माझ्या चौकोनावर नव्हतं.

सृष्टी : नव्हतं.

हणमंतराव : निजामोद्दीनच्या जावेदला बोलावू का?

सृष्टी : लगेच. ऑटो घेऊन यायला सांगा. रेणापूरच्या दवाखान्यात जायचं. आत्ता साखरेनं बरं वाटेल, पण ही गोळी दिवसभर काम करते. दुपारी परत खाली येऊ शकते. आज तिथंच राहावं लागेल.

हणमंतराव : (फोनवर) जावेद? हाव, मी बोलूलालो. ऑटो घेऊन धुरपताबाईच्या दारात ये. दुसरं भाडं राहू दे रे, अर्जंट हाय. आन् तुझ्या अब्बाला सांग, कात्री चालवायच्या आधी मला भेटायचं. न्हाई, भांडायला न्हाई. शिकवायला.

सृष्टी : आणखी कुणाला दिलं काकूच्या डब्यातलं?

हणमंतराव : गल्लीतल्या धोंडप्पाला. गुडघ्याच्या गोळ्या. सहा.

सृष्टी : त्यांच्या किडनीचं काहीतरी चाललंय ना?

हणमंतराव : हाव. लातूरला जातो दर महिन्याला.

सृष्टी : मग दुखण्याच्या त्या गोळ्या किडनीला वाईट. परत आणायच्या. आजच.

हणमंतराव : दिलेला वानोळा परत मागू? बारा गावांत तोंड दाखवायची सोय ऱ्हाणार न्हाई.

सृष्टी : वानोळा शेतातल्या मालाचा असतो. मूग द्या, भुईमूग द्या, हुरडा द्या. तो ज्याच्या त्याच्या पोटाला चालतो. गोळी एकाच माणसाच्या मापानं लिहिलेली असते. तुम्हाला लाज वाटत असेल तर मी मागते.

हणमंतराव : तू नगं. मी दिल्या, मीच आणतो. सांगतो त्याला, मोजायला चुकलो.

धुरपताबाई : ती हिरवी पिशवी बी घेऊन जा भाऊ. मोकळी झालीय. खुंटीला हाय.

हणमंतराव : सृष्टी, ती पिशवी तरी फेकायची न्हाई ना?

सृष्टी : पिशव्या ठेवा. दोन्ही. गोळ्या मात्र नाही.

हणमंतराव : त्यांचं काय करायचं मग? चूल न्हाई, हीर न्हाई.

सृष्टी : तालुक्याचा औषध दुकानदार जुनं औषध परत घेतो का, आधी विचारते. नाही म्हणाला तर सुट्या गोळ्या कागदातून काढून रिकाम्या बाटलीत. वर चहाचा चोथा आणि माती, थोडं पाणी, म्हणजे कुणाला खावंसं वाटणार नाही, ना जनावराला, ना तुम्हाला. झाकण चिकटवून टाकायचं आणि कचऱ्याच्या गाडीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं काकूचं नाव फाडून.

हणमंतराव : नाव फाडायचं?

सृष्टी : तुम्हाला ठेवायचं असेल तर चिठ्ठी ठेवा.

हणमंतराव : ठेवतो.

धुरपताबाई : माझे हात थांबले गं कापायचे. भूक लागूलाली.

सृष्टी : मोजलं की भाकरी खायची. उपास पुढच्या शनिवारी.

धुरपताबाई : मारुतीला काय सांगू?

हणमंतराव : सांगा, हणमंतानंच मोडला.

धुरपताबाई : लई शहाणे.

सृष्टी : अकरा पंचवीस. आत्या, आता दुसरं बोट. थांबा, हात धुवा आधी. बोटाला साखर लागली असली तर मशीन खोटं सांगेल. काका, पाणी घाला त्यांच्या हातावर. पुसा कोरडं.

हणमंतराव : ह्या बारीला मी टोचू का? सिंधूला मीच टोचायचो.

सृष्टी : टोचा. बोटाच्या कडेला.

धुरपताबाई : हळू, भाऊ.

हणमंतराव : झालं, झालं. हालू नगा. जावेदचा हॉर्न वाजूलालाय. थांब रे बाहेर!

सृष्टी : वाचा काय आलं ते.

हणमंतराव : नऊ आन् दोन. ब्याण्णव.