वर्गातला फोटो

अकोल्याच्या बसस्थानकात मेळघाटात धारणीला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर होस्टेलातून सुट्टीला निघालेली मुलगी आईशी बोलत होती.

“माय, सरानं वर्गात परदेशातल्या एका उपाशी लेकराचा फोटो लावला. याले काय पाठवान, म्हने.”

“मंग?”

“कोनी दूध म्हनलं, कोनी बिस्कीट. मी म्हनलं, मरायच्या आधी आमचा लहाना भाऊ कुलदीप असाच दिसे.”

“सर काय म्हने?”

“म्हने, पौर्णिमा, खाली बस. आज आपण जगाचं शिकतोय.”

“बरोबर हाये. मधात बोलू नाई.”

“हो.”

“लय तसाच दिसते का तो?”

“डोये तर तेच, माय.”

गाडी लागली. दोघी उठल्या.

“सुट्टी संपून परत गेली का सरायले तो फोटो मांगजो. आपल्या कुलदीपचा एकबी नाई.”