कव्हर न घेतलेली राणी

गुडघ्याच्या व्यायामाला आलेले म्हातारे ग्रंथपाल दवाखान्याच्या बाकावर पुस्तक उघडून बसले होते. शेजारी काठी घेतलेले एक गृहस्थ आणि त्यांचा मेहुणा येऊन बसले. दोघांचं बोलणं सुरू झालं आणि ग्रंथपालांचं पान काही उलटेना.

"भाऊजी, संध्याकाळी कॅरमला येताय ना? सगळे वाट बघतायत."

"मी नाही येणार."

"का? डोकं दुखतंय का?"

"डोक्याला मार लागला, म्हणून... म्हणून मी खुळा नाही झालो."

"असं कोण म्हणालं?"

"परवा मी राणी घेतली. कव्हर... कव्हर घ्यायचं विसरलो. तरी तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. मला जिंकवलंत."

"जाऊ द्या हो. खेळच आहे."

"अपघाताआधी एक सोंगटी तरी... सोडायचास का मला?"

"तुम्हाला? तुम्ही तर बोर्ड उलटायला निघायचात!"

"मग आता का नाही भांडत?"

"ताईने दम दिलाय. त्यांना त्रास द्यायचा नाही म्हणाली."

"तुझ्या ताईला मी बघतो. नुसतं कौतुकच ऐकायचं तर... घरी बसलेलं काय वाईट?"

मेहुण्याने घसा खाकरला.

"बरं. मग राणी परत मधोमध. परवाचा गेम तुम्ही हरलात."

"हरलो?"

"साफ हरलात. आणि तुमचा नेम आधीही काही धड नव्हता."

"ए! एका गेमने... एका गेमने माजू नकोस. किती वाजता यायचं?"