मिठाची पुरचुंडी

तुर्कस्तानातल्या आमच्या वान शहराच्या इस्पितळातली ती सेवदा नर्स भारीच आगाऊ. बाळंतिणींच्या खोलीबाहेर मी सुनेसाठी बसले होते, तर माझ्या डोळ्यांदेखत तिने शेजारच्या गुलिझारबाईच्या हातातली मिठाची पुरचुंडी काढून घेतली. वयाचा काही मान?

“दे इकडे! नातीच्या अंगाला चोळायचंय. नाहीतर जन्मभर तिच्या घामाला वास येईल.”

“मावशी, एका दिवसाची कातडी आहे. मीठ आत झिरपतं, रक्तात उतरतं. मागच्या महिन्यात एक बाळ आचके देत आलं.”

“माझ्या आजीने चोळलं, आईने चोळलं. आम्ही काय मेलो?”

“नाही ना! म्हणून मीठ फेकत नाही मी. पुरचुंडी पाळण्याला बांधा, दुआ तुम्हीच म्हणा. लग्न झालं की तिच्या हातच्या पहिल्या सूपात हेच मीठ घाला.”

“आणि वास आला तर?”

“तर मला शिव्या घाला. पहिली आंघोळ तुमच्याच हातची, मी नुसतं पाणी किती गरम ते बघेन.”

गुलिझारबाईने तिच्या हातातून पुरचुंडी परत ओढली.

“गाठ मी मारणार. तुझी सैल बसेल.”

मला राहवलं नाही. “काय गं, ते आचके कितव्या दिवशी येतात?”

“दुसऱ्या-तिसऱ्या, आजी. आधी अंग लाल होतं, बाळ दूध ओढत नाही. का?”

“माझी लेक नूरान तिसऱ्या दिवशी गेली. सगळे म्हणाले, नजर लागली.”

तिने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

“चाळीस वर्षं उशिरा जन्मलीस, पोरी.”