हसण्याची सनद

मंडळी, एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. तुमचा हक्क तुम्हाला दिला कुणी? सरकारनं? मग सरकार नव्हतं तेव्हा माणसं श्वास कुणाला विचारून घेत होती? — हं, मागचे काका जागे झाले! ऐका तर.

कोंढणगावचे उमाजीराजे. माणूस वाईट नव्हे हो, पण दुपारची झोप म्हणजे जीव की प्राण! आणि वाड्याखालीच नदीचा घाट. तिथं परटिणी धुणं धूत आणि खळखळून हसत. रोज झोपमोड! एके दिवशी वैतागून राजांनी हुकूम काढला — घाटावर हसण्याचा हक्क आजपासून रद्द.

शिपाई दवंडी द्यायला घाटावर गेला. 'रद्द' म्हणायला आणि शेवाळावरून पाय सटकायला एकच गाठ — डफासकट पाण्यात! बाकीच्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. तुळजा परटिणीनं मात्र आधी त्याला हात देऊन वर काढलं, आणि मग पोट धरधरून हसली.

झालं! धरून दरबारात उभी केली. शिक्षा काय, तर गावातून हकालपट्टी. घर, घाट, माणसं — सगळं सुटणार. राजे म्हणाले, हसण्याचा हक्क आम्हीच दिला होता, आम्हीच काढून घेतला.

तुळजा हळूच म्हणाली, "सरकार, दिला कधी? मी पाळण्यात हसले, तेव्हा वाड्यावरून कुणी आलं नव्हतं."

राजे इरेला पेटले. म्हातारे कारकून विसोपंत, त्यांना फर्मावलं — हक्क दिल्याची सनद शोधा, ती मिळाली की हिला हाकला.

तीन दिवस विसोपंत दफ्तरात! धुळीनं शिंकून शिंकून नाक लाल. देवळाच्या दिव्याची सनद सापडली, विहिरीची सापडली, हत्तीला रोज गूळ घालण्याचीसुद्धा सापडली. हसण्याची? छे! तळाशी मात्र एक जुनाट कागद निघाला. वाड्यानं गावाला दिलेला नव्हे — गावानं राजांच्या पणजोबांना लिहून दिलेला! 'आम्ही समस्त गावकरी तुम्हांस गादीवर बसवितो. दरोडेखोरांपासून राखण करावी. आमच्या लेकीसुना घाटावर निर्धास्त असाव्यात.'

राजांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "विसोपंत, म्हणजे आम्ही मालक नव्हे?"

"राखणदार, सरकार," विसोपंत म्हणाले, आणि नेमके तेव्हाच शिंकले.

राजांची मिशी थरथरली. ओठ हलले. आणि असे हसले म्हणता, पागोटं घरंगळलं! तुळजेला स्वतः म्हणाले, चुकलो बाई. हुकूम मागं घेतला आणि आपली खाट उचलून वाड्याच्या मागच्या सोप्यात नेली. इतकं सोपं होतं हो!

हक्क जन्मासोबत येतो, देवाघरून. राज्य येतं मागाहून, त्याची राखण करायला. राखणदाराला मान द्या, पण शेताचा धनी समजू नका.

माना डोलावताय? थांबा. परवा एका घरी पंगतीत यजमान मोठ्या कौतुकानं म्हणाले, "महाराज, आम्ही सुनेला नोकरी करू देतो." सून समोरच भात वाढत होती. मी विचारलं, "आणि तुम्हाला जेवू कोण देतं?" सुनेनं माझ्या भातावर तुपाची धार दुसऱ्यांदा धरली!

तेव्हा हसा, पोटभर हसा. पण घरी गेल्यावर दारात चपला काढाल ना, तिथंच तो एक शब्दही काढून ठेवा — 'देतो'.