देवाच्या डोहाखालची नदी

समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य विश्वनाथराव देवघरे, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे व मत्स्य चौकशी समितीचे अध्यक्ष महादेवराव ठोंबरे साहेब, आजच्या सत्कारमूर्ती आणि प्राणिशास्त्र विभागाच्या संशोधन-साहाय्यक कुमारी गोपिका पराते, गुरुजन आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो,

यंदा नागपुरात निरोप समारंभांना तोटा नाही. राजधानी हलली, आणि अख्खं सचिवालय ट्रंका बांधून भोपाळला निघालं आहे. तिथं हार, इथं हार, झेंडूवाल्यांची चांदी. पण निरोप देणं वेगळं आणि हाकलून देणं वेगळं. आज आपण यांतलं कोणतं करत आहोत, हे मला कुणी सांगेल का?

मागच्या बाकावरचे मित्र खाकरले. खाकरा. मी कॉलेज अर्ध्यात कशापायी सोडलं, याविषयी तुमचा एक तर्क आहे. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण कन्हान नदीचं मात्र ऐकून घ्या.

दोन वर्षं गोपिकाबाई पदर खोचून त्या नदीत उभ्या राहिल्या. बादल्या उचलायला मी होतो. एका खाणीचं कोळसा धुतलेलं पाणी नदीत उतरतं. त्याच्या खालच्या अंगाला सापडलेल्या माशांचे कल्ले उघडले, की आत काजळी. मासे जिथं अंडी घालत, ती वाळू काळ्या गाळाखाली गेली. मरळ तेवढी तगली, कारण ती वर येऊन हवा घेते. बाकीचे गुदमरले. बाईंनी हे मांडलं. मग खाणवाल्यांची ओरड झाली, आणि मग समिती आली.

समितीची जीप थांबली कुठं? खाणीच्या वरच्या अंगाला, महादेवाच्या देवळाखाली! तिथल्या डोहात ढीवर कधी जाळं टाकत नाहीत. ते देवाचे मासे. सोमवारी लोक त्यांना कणकेच्या गोळ्या घालतात. पुजाऱ्यानं साहेबांच्याही हातावर गोळ्या ठेवल्या. साहेबांनी टाकल्या, आणि पाणी नुसतं उसळलं.

"वा! नदी तर मासळीनं भरली आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, इथं खाणीचं पाणी पोचतच नाही," गोपिकाबाई म्हणाल्या. "खाली चला. तिथं जाळं टाकून पाहा."

"खाली चिखल आहे. जीप रुतेल."

काठावर ढिवरांची तुळजाबाई रिकामी टोपली घेऊन बसली होती. ती म्हणाली, "जीप रुतते तं पायानं चाला नं बाप्पा! आमी तं रोजच चालून राह्यलो. देवाचे मासे का आमच्या ताटात येऊन राह्यले?"

"बाई, मासा तो मासा," असं म्हणून तुम्ही हात पुसलेत. आठवतं ना, ठोंबरे साहेब? अहवालात डोहातले मासे आले, तुळजाबाईची टोपली आली नाही. 'संशोधिकेचा उतावळेपणा' तेवढा आला. देवळातला नैवेद्य पाहून गाव जेवला असं लिहावं, तसं हे! तो अहवाल आम्हाला वर्गात वाचून दाखवण्यात आला, त्याच दिवशी मी कॉलेजातून नाव काढून घेतलं.

प्राचार्यसाहेब, घंटी वाजवू नका, संपवतोच. काल तुम्ही गोपिकाबाईंना काय सांगितलंत? उत्तराच्या भाषणात "माझी चूक झाली" एवढं म्हणा. अहवालापायी बालाघाटच्या शाळेत झालेली बदली रद्द, इथली जागा कायम. बाईंनी हे मला सांगितलं नाही. तुमच्या दाराशी मी उभा होतो. म्हणजे आजचा निरोप बसल्या जागी सत्कार होणार, हारसुद्धा बदलायला नको!

गोपिकाबाई, माझ्यानंतर तुम्ही बोलायला उभ्या राहाल. उमरेडहून तुमचे वडील आले आहेत. पोरगी जवळ राहावी, असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं. आता ज्याला हसायचं त्यानं हसावं. एवढ्याशा वाक्यानं तुम्ही नागपुरात राहाल, रोज दिसाल. मले अजून काय पायजे? तरी सांगतो, ते वाक्य म्हणू नका. तुम्ही चुकला नाहीत. बालाघाटची गाडी इतवारी स्टेशनाहून सुटते. मी पोचवायला येईन, लांब उभा राहीन.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, याबद्दल ऋणी आहे. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढला, तो अपराध पोटात घाला. नदीविषयी जे बोललो, त्याची क्षमा मात्र मी मागत नाही.

बाई, या. बोला.